कॅथीड्रलच्या दारात चाळीस जोड

आधी चहा घ्या हातात. चकलीही घ्या. कारण आता जे सांगणार आहे ते ऐकल्यावर तुमच्यापैकी कोणी मला पुन्हा काही विचारायला येणार नाही, निदान रस्ता तरी नाहीच नाही!

मी रेगेन्सबर्गला राहते त्याला अकरा वर्षं झाली. माहेर पुण्याचं. त्यामुळे माहीत नसलं तरी ठामपणे सांगायचं, हे बाळकडूच. जर्मनीत येऊन त्याला जरा धार आली, एवढंच. 'जा, गेनाऊ', म्हणजे 'हो, अगदी बरोबर', असं म्हटलं की समोरचा गप्प होतो, हे मला पहिल्याच वर्षी कळलं होतं.

तर माझ्या सासूबाई, म्हणजे आमच्या आई. सांगलीला शाळेत चित्रकला शिकवायच्या. वर्गाच्या भिंतीवर एका जुन्या कॅलेंडरचं पान होतं. स्पेनमधल्या एका कॅथीड्रलचा आतून काढलेला फोटो. रेनेसान्स काळातलं, पाचशे वर्षांपूर्वीचं. पांढरेशुभ्र खांब, एकामागे एक, लांब जाताना लहान लहान होत गेलेले. त्या एका पानावर आईंनी तीस वर्षं पोरांना यथार्थदर्शन शिकवलं. पान पिवळं पडलं, कोपरे गेले, पण आईंना त्यातला प्रत्येक खांब पाठ होता.

यंदा त्या तीन महिने आमच्याकडे आल्या होत्या. डोळ्यात मोतीबिंदू उतरायला लागलाय, परत जाऊन ऑपरेशन. एक दिवस भाजी निवडता निवडता म्हणाल्या, "मधुरा, ते खांब एकदा समोर बसून काढायचेत गं. दिसतंय तोवर."

तीन महिन्यांत त्यांनी माझ्याकडे मागितलेली ही एकच गोष्ट. आणि मी त्यांना काय दिलं होतं तोवर? सांगते. म्युनिकहून येताना मी त्यांना गाडीच्या चुकीच्या अर्ध्या भागात बसवलं. इथं गाडी मधेच तुटते, पुढचे डबे एकीकडे, मागचे दुसरीकडे. आम्ही दुसरीकडे गेलो. एका निर्मनुष्य स्टेशनवर, थंडीत, दोन तास! आई दर पाच मिनिटांनी स्टेशनच्या घड्याळाकडे बघायच्या. त्यांचं ते बघणं मला अजून आठवतं.

म्हणून मी शब्द दिला. "आई, स्पेनला जाऊ. तुम्ही एक तास शांतपणे बसून चित्र काढा. काही म्हणजे काही गडबड होणार नाही."

आमच्या ह्यांना रजा नव्हती. निघालो दोघीच.

गावाचं नाव सांगत नाही, पुन्हा तिथं तोंड दाखवायची वेळ आली तर? अंदालुसियातलं एक जुनं गाव समजा. सकाळचे दहा. संत्र्याच्या झाडांचा चौक, मधे कारंजं, कुठूनतरी घंटा. आई काठापदराची सुती साडी नेसलेल्या, खांद्याला शबनम, त्यात चित्रकलेची वही. चालताना मधेच थांबून हवेत बोटाने रेघा ओढत होत्या. मी स्वप्नात चालल्यासारखी त्यांच्या मागे. आणि माझं सांगते, मी स्वप्नात गेले की डोकं घरी ठेवून जाते.

मोठं दार बंद होतं, प्रवेश त्याला लागूनच्या लहान दाराने. त्या दाराशी भिंतीला लागून सहा जोड बूट. अगदी ओळीत. वर स्पॅनिशमध्ये काहीतरी पाटी.

आई थबकल्या. "मधुरा, इथं चपला काढतात?"

आता तुम्हीच सांगा. देवाचं दार. दारात बूट. वर पाटी. तुम्ही काय समजला असता?

"हो आई," मी म्हणाले. "काढतात."

आईंनी कोल्हापुरी काढल्या, मी माझे राखाडी बूट काढले. देवाच्या दारात चपला दिसल्या की आपला पाय आपोआप बाहेर येतो हो! आईंच्या चेहऱ्यावर मात्र इतकं समाधान. "बघ," म्हणाल्या, "कुठंही गेलं तरी देवाघरची रीत एकच."

एवढ्यात मागून आवाज आला. जर्मन! बव्हेरियातली निवृत्त मंडळी, बसभर. त्यांची गाइडबाई घंटेच्या मनोऱ्याची तिकिटं आणायला गेलेली. सगळ्यात पुढे एक काठीवाले आजोबा. त्यांनी बूट पाहिले, आमचे पाय पाहिले, आणि अदबीने जर्मनमध्ये विचारलं, "माफ करा, इथं बूट काढावे लागतात का? फोरश्रिफ्ट आहे?"

फोरश्रिफ्ट म्हणजे नियम. जर्मन माणसाला हा शब्द ऐकला की सावधान उभं राहावंसं वाटतं.

मी नुसतं 'माहीत नाही' म्हणू शकले असते की नाही? इथंच तर माहेर आडवं येतं!

"जा, गेनाऊ," मी म्हणाले. "फोरश्रिफ्ट."

झालं! अडतीस माणसं पायरीवर बसली. नाड्या सुटू लागल्या. कुणी कुणाला हात दिला, कुणी गुडघा धरून "ओ मेई" केलं, एका आजींनी मोजे नीट ओढून घेतले. एकानेही कुरकुर केली नाही. पाच मिनिटांत अडतीस जोड ओळीत, टाचा भिंतीला. आमचे दोन धरून चाळीस!

आत गेलो, आणि खरं सांगते, मी सगळं विसरले.

खांब होते. तेच. पण कॅलेंडरात कुठं कळतं, ते किती उंच आहेत ते? मान मागे टाकली तरी संपत नव्हते. सगळं पांढरं, आणि वरच्या खिडक्यांतून उजेड सावकाश खाली उतरत होता, घाई नसल्यासारखा. पायाखाली संगमरवर, गारेगार. आणि आवाज नाही! चाळीस माणसं चालतायत आणि कुणाचं पाऊल वाजत नाही. काठीवाले आजोबा काठी हातात उचलून चालत होते. एक आजी डोळे मिटून नुसत्या उभ्या होत्या. आई एका बाकाच्या टोकाला बसल्या, वही उघडली, चष्मा पुसला, पुन्हा पुसला. मग कळलं, चष्मा नव्हता ओला.

मला वाटलं, हे बरोबर जमलं. आयुष्यात एकदा तरी मी काहीतरी बरोबर केलं.

तेवढ्यात... टॉक. टॉक. टॉक.

समोरून पाद्री आले. खुद्द पाद्री! चांगले काळे चकचकीत बूट घालून! त्यांनी आमचे पाय पाहिले, भुवया वर गेल्या, काहीतरी पुटपुटत पुढे गेले.

मी इकडे तिकडे पाहिलं. एका कोपऱ्यात दोरी बांधलेली, आत लाकडी फरशीवर सहा कामगार मोज्यांवर गुडघे टेकून मेण घासत होते. सहा कामगार. सहा जोड बूट.

हो. बरोबर ओळखलंत.

मी दाराकडे धावले, म्हटलं निदान आपले दोन जोड तरी गुपचूप आत आणावेत. दारात कामगारांचे सहा जोड शिस्तीत होते. बाकी काही नाही! चाळीस जोड गायब!

सफाईवाली बाई रिकामी ढकलगाडी घेऊन येत होती. मी खुणेने विचारलं. तिनं खुणेनेच सांगितलं, वाट अडली होती, हलवले. कुठं? तिनं चौकाकडे बोट केलं.

कारंज्याशेजारी, संत्र्याच्या झाडाखाली, चपलाबुटांचा ढीग. गाडीतून ओतलेला. आणि निवृत्त जर्मन माणूस कुठले बूट घालतो, पाहिलंयत ना? सगळे मऊ, सगळे राखाडी नाहीतर बदामी, सगळे सारखे!

गाइडबाई तिकिटं घेऊन आल्या त्या नेमक्या तेव्हा. आतून त्यांचे लोक एकेक करत मोज्यांवर उन्हात येत होते.

"तुम्हाला बूट काढायला कोणी सांगितलं?" त्या किंचाळल्याच.

अडतीस बोटं माझ्याकडे वळली. एकदम. सराव केल्यासारखी.

"बस साडेबाराला आहे!" गाइडबाई म्हणाल्या. "एकला जेवण!"

मग काय करते? ढिगात बसले. एकेक बूट उचलायचा, आतला नंबर वाचायचा, ओरडायचं. "त्रेचाळीस! डावा! कुणाचा त्रेचाळीस?" "हा एकोणचाळीस, नाडी तुटलेली!" लोक हात वर करायचे. एका आजींनी तीन वेळा चुकीचा उजवा घेतला. आईंच्या कोल्हापुरी तेवढ्या लगेच सापडल्या. साडेबाराला सगळे बुटात होते, आणि माझ्यासमोर उरला होता एकच जोड. चव्वेचाळीस नंबर. माझा पाय सदतीस!

माझे बूट कुणाच्या पायात आणि कसे गेले, ते देव जाणे.

काठीवाले आजोबा बसमध्ये चढता चढता थांबले. "पायांना फार बरं वाटलं," म्हणाले. "पुढच्या वेळी मात्र आधी पाटी वाचा. गाइडबाई म्हणाल्या, तिथं 'फरशीचं काम चालू' एवढंच लिहिलंय."

मी चव्वेचाळीस नंबरात फटक फटक करत आत गेले. रडायच्या बेतात. दिलेला शब्द कधीच गेला होता.

कॅथीड्रल रिकामं होतं. पूर्ण रिकामं! सगळी गर्दी इतका वेळ बाहेर बूट शोधत होती ना, आणि कामगारही जेवायला गेलेले. उघड्या दारातून उन्हाचा एक लांब पट्टा आत आला होता, आणि आई त्या उजेडात अनवाणी बसून शेवटच्या रेघा मारत होत्या. त्यांनी वही मिटली. कोल्हापुरी मी त्यांच्या पायाशी ठेवल्या.

"छान झालं गं," आई म्हणाल्या. "अगदी शांत मिळालं."

छान झालं! तीन महिन्यांत पहिल्यांदा! मी तिथंच बाकावर बसून रडले हो, खोटं कशाला बोलू. चित्र मात्र त्यांनी दाखवलं नाही. "घरी गेल्यावर नीट चौकट करून दाखवीन," म्हणाल्या.

परवा सांगलीहून व्हिडिओ कॉल आला. ऑपरेशन व्यवस्थित झालं. मागे दिवाणखान्याच्या भिंतीवर चित्र. काय सुंदर खांब, काय सांगू! एकामागे एक, लहान लहान होत गेलेले. नजर त्यांच्याबरोबर पुढे पुढे जाते, आणि सगळ्या रेघा जिथं मिळतात तिथं उघडं दार. दारात ऊन. आणि त्या उन्हात, बुटांच्या ढिगात बसलेली एक बाई, दोन्ही हातांत एकेक बूट.

"आई! तुम्ही मला काढलंत?"

"मग? सगळ्या रेघा तुझ्यापाशीच येत होत्या," आई म्हणाल्या.

एवढ्यात शेजारच्या काकू कॅमेऱ्यात डोकावल्या. चित्राकडे पाहत म्हणाल्या, "अगबाई, ही कोण हो?"

आई अगदी कौतुकाने म्हणाल्या, "ही माझी सून. जर्मनीत सॉफ्टवेअरमध्ये असते. आणि स्पेनच्या देवळात चपला सांभाळते."