मोहाखालची झाडलेली जागा

तंबूची दुसरी काठी अडकवत होतो तेव्हा वर रस्त्यावर मोटारसायकल थांबली. खाकी शर्टातला माणूस उतार उतरून खाली आला. वनरक्षक. त्याने आधी तंबूकडे पाहिलं, मग वंदनाकडे, मग माझ्याकडे.

“यहाँ टेंट नहीं लगेगा भैया.”

“एक ही रात,” मी म्हणालो. “आग नहीं जलाएँगे.”

“आग की बात नहीं है. मुनारे के इधर सब रिज़र्व है.”

त्याने हात केला तिकडे झुडपात चुना लावलेला दगडांचा छोटा बुरूज होता. जंगलाची हद्द दाखवणारा. मी तो येतानाच पाहिला होता आणि कुणाची तरी समाधी समजलो होतो. तसं त्याला सांगितलं.

“समाधि ही है,” तो म्हणाला. “टेंट वालों की.”

आम्ही काठ्या काढायला लागलो. तोही एका बाजूने कापड धरायला आला. जाताना म्हणाला, गावाच्या जमिनीवर लावा, गावाला विचारून लावा, आणि अभयारण्याच्या हद्दीत तर विचारूही नका.

“घडी आता छान जमते तुमाले,” वंदना म्हणाली. “उभा करणं तेवढं राहून गेलं.”

वंदना माझी बायको. आम्ही नवा रायपूरला राहतो, सेक्टरातल्या एका इमारतीत. दोन वर्षांपूर्वी तिथे आलो आणि तेव्हापासून तिला झोप लागत नाही. ती पडते, कूस बदलते, पहाटेच्या आधी उठून स्वयंपाकघरात बसते. दूधवाल्याला आमची बेल कशी वाजते हे माहीत नाही. त्याची सायकल फाटकातून आत येते तेव्हाच ती दार उघडून पातेलं घेऊन उभी असते. डॉक्टर झाले, गोळ्या झाल्या. गोळ्यांनी ती दिवसा झोपाळू राहायची आणि रात्री जागी. घर घेताना मी मुद्दाम मागची खोली झोपायला निवडली होती. पुढच्या दिवाणखान्यासमोर नव्या इमारतीचं काम चालू आहे, तिथे मजुरांच्या झोपड्या आहेत. मागे काही नाही. मोकळे प्लॉट, रुंद रस्ता, दिवे.

जानेवारीत ती म्हणाली होती, “घरातच झोप येत नाई मले. बाहेर येते का पाहू.” मी तंबू घेतला. त्यानंतर शनिवार-रविवार मिळाले की आम्ही धमतरीच्या पलीकडे डोंगरात जागा शोधत फिरतो. रिसॉर्ट नको, दिव्यांची माळ लावलेलं कॅम्पिंग नको. माणूस नसलेली जागा हवी, असं मी ठरवलं होतं.

तुम्हीही निघणार असाल तर रस्ता सोपा आहे. नवा रायपूरहून अभनपूर, कुरूद, धमतरी, तिथपर्यंत महामार्ग. धमतरीला पेट्रोल भरून घ्या. पुढे नगरीकडे वळलं की शेतं संपत जातात आणि सालाच्या झाडांचं जंगल सुरू होतं. मार्चअखेर सालाला नवी पानं असतात, कोवळी, पिवळट. डोंगर उंच नाहीत, पण एकामागे एक बरेच आहेत. पाणी घरून न्या. मार्चनंतर ओढ्यांवर विसंबता येत नाही. मोबाईलला नगरीपुढे रेंज येते-जाते. आणि मुनारा ओळखायला शिका.

त्या दिवशी उजेड असेपर्यंत आम्हाला दुसरी जागा मिळाली. पुढच्या गावात सरपंचबाईंच्या घरी विचारलं, त्यांनी ओढ्याकाठचं पडीक रान दाखवलं. गावापासून बरंच लांब. कोरड्या ओढ्याची वाळू, मागे डोंगराची भिंत, एक वाकलेलं अर्जुनाचं झाड. इतक्या महिन्यांत पाहिलेल्या जागांपैकी ही सगळ्यात चांगली होती. अंधार पडल्यावर एक रातवा पक्षी थोडा वेळ बोलला आणि थांबला. त्यानंतर काहीच नव्हतं. इतकी शांतता की तंबूचं कापड श्वासाने हलताना ऐकू येत होतं. मी समाधानाने झोपलो.

सकाळी वंदना बाहेर वाळूवर बसली होती. स्टोव्हवर चहा होता, पुन्हा गरम केलेला.

“झोपलीस?”

“पडून होती.”

“इथेही नाही?”

“जागा सुंदर आहे,” ती म्हणाली. मला बरं वाटावं म्हणून म्हणाली.

नगरीला बसस्टँडजवळ नाश्ता केला. उडदाचे बडे, म्हणजे वडे, आणि टमाट्याची चटणी. चटणी तिखट असते, आधी थोडी घ्या. दुकानदाराने गाडीतला तंबू पाहिला.

“जंगल में सोने आए हो? घर में क्या दिक्कत है?”

“घर में नींद नहीं आती भैया,” वंदना म्हणाली.

“तो दीदी, मेरी कुर्सी पे बैठ जाओ. मुझे यहाँ दिन भर आती है.”

ती खूप हसली. गाडीत बसल्यावर मात्र म्हणाली, “हे शेवटचं करू. तुमी दर वेळी आशा लावून बसता. सकाळी मले तुमच्याकडे पाहवत नाई.”

एक रात्र उरली होती.

सिहावाच्या पुढे डावीकडे कच्चा रस्ता जातो. त्या गावाचं नाव लिहीत नाही, कारण तिथे दोन-तीनच जागा आहेत आणि हा मजकूर वाचून सगळे तिकडेच निघाले तर त्याही राहणार नाहीत. भोवतालच्या जंगलाचा हक्क गावाकडे आहे. गावाच्या वनसमितीचे अध्यक्ष शेळ्या सोडत होते. आम्ही विचारलं. ते म्हणाले, ग्रामदेवतेच्या, ठाकुरदेवाच्या झाडांपासून दूर राहा, चूल पेटवू नका, बाकी कुठेही. रात्रीचे काही पैसे समितीला द्यायचे असतात. गावागणिक वेगळे, आधीच विचारून घ्या. मोहाच्या झाडांबद्दल ते काही बोलले नाहीत. मोहाच्या दिवसांत मोहाखाली कुणी झोपायला जाईल हे त्यांच्या मनातही आलं नसणार.

गावामागच्या चढावर मला जागा सापडली. मोहाचं एकटं मोठं झाड, पानं जवळजवळ गळलेली, फांद्यांच्या टोकांना कळ्यांचे घोस. समोर डोंगरांच्या तीन रांगा. आणि झाडाखाली जमीन अंगणासारखी साफ. एक पान नाही, एक खडा नाही. सगळीकडे पाचोळा आणि इथे मात्र गोल, सपाट, स्वच्छ जागा. आपल्यासाठीच कुणी झाडून ठेवावी तशी.

मी भराभर तंबू उभा केला. खुंट्या ठोकल्या. वंदनाने आत अंथरूण घातलं. तेवढ्यात खालून एक बाई आली, डोक्यावर टोपली, हातात खराटा. थांबली.

“ए का ए?”

“तंबू,” मी म्हणालो.

“तंबू त दिखत हे. मोर रूख तरी काबर?”

माझ्याच झाडाखाली कशाला, असं ती विचारत होती. वंदना तंबूतून डोकं काढून छत्तीसगढीत म्हणाली की आम्हाला माहीत नव्हतं दीदी, जागा साफ दिसली म्हणून.

“साफ दिखिस!” बाईने खराटा वर केला. “त कोन साफ करिस?”

तिचं नाव सुकवारो. झाड तिचं होतं. इथे मोहाचं प्रत्येक झाड कुणाचं तरी असतं. गावात सगळ्यांना कुठलं कुणाचं ते ठाऊक असतं. फुलं पडायच्या आधी प्रत्येक घर आपल्या झाडाखालचा पाचोळा काढतं, जमीन रोज झाडतं, म्हणजे पहाटे पडलेली फुलं मातीत हरवत नाहीत. मी ज्याला सपाटी समजलो ते तिचं खळं होतं.

“महुआ मोर, अउ गिरही तुंहर छानी मं,” ती म्हणाली. “अउ भालू घलो आथे. ओला का मालूम, तंबू मं कोन हे.”

तिची फुलं आमच्या छपरावर पडणार होती. आणि भालू म्हणजे अस्वल. मोहाच्या फुलांवर माणसाइतकाच त्याचाही जीव. मी खुंट्या उपटायला लागलो. आता सुकवारोला हसू आवरेना. तिने वंदनाचा हात धरून तिला चढाच्या कडेला नेलं. तिथे फांद्या आणि गवताचं एक छप्पर होतं. मोहाच्या दिवसांत ती आणि तिची जेठाणी, म्हणजे थोरली जाऊ, तिथेच राहतात; अस्वलांवर, गुरांवर आणि शेजाऱ्यांवर नजर ठेवायला. शेजाऱ्यांचं नाव तिने सगळ्यात मोठ्याने घेतलं, पलीकडच्या झाडाखाली ऐकू जाईल असं. तिकडूनही तेवढ्याच मोठ्याने उत्तर आलं.

आमचा तंबू त्या छपराला जवळजवळ टेकून उभा राहिला. माझा चेहरा पडला होता. इतके आठवडे निर्जन जागा शोधली आणि शेवटची रात्र दोन बोलक्या बायांच्या शेजारी. त्या बोलतच होत्या. कुणाच्या तरी लग्नात वऱ्हाडाला भात पुरला नव्हता, त्याची कथा चालू होती. मध्येच एकजण रिकामा डबा बडवायची, अस्वलासाठी, आणि मग कथा पुढे.

जेवायला आम्ही एकत्र बसलो. आमची खिचडी, त्यांचा भात आणि चिंचेची चटणी. जेठाणी वयाने मोठी, तिला दात कमी आणि प्रश्न जास्त.

“तुंहर घर नइ हे का?”

“हे न,” वंदना म्हणाली. “बड़े घर हे. नींद नइ हे.”

“कतका झन रहिथव?”

“दुई झन.”

“दुई झन!” जेठाणीने सुकवारोकडे पाहिलं. “त झगरा घलो नइ होवत होही बने असन.”

दोघांत धड भांडणही होत नसेल, असं ती म्हणाली. वंदनाने सांगितलं की होतं, पण हे मध्येच पेपर वाचायला लागतात. मग तिघी मिळून माझ्यावर बराच वेळ बोलल्या. मी तंबूत गेलो. वंदना मागून आली.

“उद्या सकाळी लवकर निघू,” मी म्हणालो. “सॉरी. इथे फारच गोंधळ आहे.”

“हव,” ती म्हणाली आणि पांघरूण ओढलं. बाहेर डबा वाजला. मी आणखी काहीतरी म्हणालो. तिने उत्तर दिलं नाही.

मला जाग आली ती आवाजाने. टप. थोडं थांबून पुन्हा टप. पाऊस म्हणावा तर आकाश स्वच्छ होतं. मी बाहेर आलो. मोहाची फुलं पडत होती. जाड, दुधी रंगाची, मण्यांसारखी. खाली सगळी जमीन त्यांनी भरली होती. दोघी वाकून वेचत होत्या. मी “राम राम” म्हणणार तेवढ्यात सुकवारोने ओठांवर बोट ठेवलं आणि तंबूकडे मान केली.

तेव्हा माझ्या लक्षात आलं. वंदना अजून आत होती.

काही फुलं आमच्या तंबूपर्यंत घरंगळत आली होती. तेवढी त्यांनी उचलली नव्हती. रात्रभर एवढ्या बोलल्या आणि आता हातवाऱ्यांनी काम चाललं होतं. ऊन डोंगरावरून उतरून तंबूवर आलं. जेठाणी कुजबुजली, सूर्य डोक्यावर आला, बाई उठत नाही. सुकवारोने तिला तितक्याच हळू दटावलं, झोपू दे म्हणाली, “सुतन दे न.”

स्टोव्ह तंबूत होता. मी बिनचहाचा दगडावर बसून राहिलो. एवढा चांगला बिनचहाचा तास मला आठवत नाही.

वंदना बाहेर आली तेव्हा तिच्या गालावर चटईचे वळ होते. दोघी मोठ्याने हसल्या, जणू तोपर्यंतचं हसू साठवून ठेवलं होतं. तंबूजवळची फुलं मग वंदनानेच वेचली आणि सुकवारोच्या टोपलीत टाकली. तिची बोटं दुपारपर्यंत चिकट होती.

परतीच्या वाटेवर कुरूद आल्यावर ती म्हणाली, “तुमी मले शांत जागा दाखवून राहिले. मले शांतताच नाई पायजे.”

“मग?”

“कोणीतरी जागं असावं. बोलून राहिलं असावं. माहेरी बीरगावले घराच्या मागं मिल चाले. बाबांची शिफ्ट सुटे, ते अंगणात हातपाय धुवत, शेजारच्या काकांशी गप्पा करत. ते ऐकता ऐकता मी झोपून जाय. नव्या घरात तर आपण झोपलो की सगळी दुनिया मेल्यासारखी वाटते. मग मीच जागी राहतो, पहारा दिल्यासारखी.”

“हे आधी काहून नाही सांगितलं?”

“मले कुठं माहीत होतं? काल माहीत झालं.”

घरी पोचलो तेव्हा संध्याकाळ होती. रुंद रस्त्यावर सिग्नल कुणासाठी तरी हिरवा होत होता. आम्ही तंबू गच्चीवर वाळत टाकला आणि मागच्या खोलीतला पलंग दिवाणखान्यात न्यायला लागलो. तो दारात अडकला. पाय काढले तरी अडकला. शेवटी गादीच ओढत नेली आणि जमिनीवर घातली. बाल्कनीचं दार उघडं ठेवलं. समोरच्या झोपड्यांत स्वयंपाक चालू होता. कुणीतरी कुणाला ओरडत होतं, एक मोबाईल गात होता, एक मूल रडून थांबलं. मला तो सगळा गोंगाटच वाटतो, अजूनही.

तुम्ही जाणार असाल तर एवढं लक्षात ठेवा: जंगलात झाडलेली जागा दिसली तर ती कुणीतरी झाडलेली असते. आधी त्या माणसाला शोधा. तंबूला मोहाचा गोड, आंबूस वास बसला आहे, तो जाईलसं दिसत नाही. आमच्या जागांच्या यादीत आता निर्जन जागा नाहीत. सालाचे डोंगर तेच आहेत, पण आम्ही कडेच्या वस्त्या बघतो, जिथे रात्री कुणीतरी डबा वाजवत असेल. मात्र एका रात्रीवरून काही ठरत नाही, हेही मला माहीत होतं. गादीवर पडताना मी तिला काही विचारलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी दूधवाल्याने दोनदा बेल वाजवली. दार मी उघडलं.