तुपातले ओट्स आणि बिनफेसाची बिअर

त्या वर्षी मी अडुसष्टची होते, म्हणजे तशी लहानच. त्या वयात माणसाला वाटतं की स्वयंपाकघरातलं आपल्याला सगळं येतं. मला तर वाटतही नव्हतं, खात्रीच होती.

लेकीकडे परदेशात, झूटरमेरला, थोड्या दिवसांसाठी म्हणून आम्ही दोघं गेलो आणि विमानंच बंद झाली. वरच्या मजल्यावर एका खोलीत लेक, दुसऱ्या खोलीत जावई, दोघंही दिवसभर लॅपटॉपशी बोलत. खिडकीतून ट्राम दिसायची, आत दिवे लागलेले आणि माणूस एकही नाही. दुपारचा चहा मात्र चौघं एकत्र घ्यायचो. लेकीच्या लग्नानंतर असे रोजचे चहा कधी वाट्याला आले नव्हते. आता पुण्यात चहा गाळताना हात अजूनही चार कपांकडे वळतो.

मग ह्यांना करोना झाला. ताप लवकर उतरला, पण वास गेला तो गेलाच. डॉक्टर फोनवर म्हणाले, येईल हळूहळू. महिने गेले तरी येईना. माणूस निम्मं जेवून उठायचा, सदरा अंगावर लोंबायला लागला. आणि सगळ्यात वाईट म्हणजे हे माझ्या स्वयंपाकाला चांगलं म्हणायला लागले.

तुम्हाला ह्यांची सवय माहीत नाही म्हणून सांगते. लग्न झाल्यापासून ह्या माणसाने एक आमटी निमूटपणे खाल्लेली नव्हती. "गूळ जरा पुढे गेलाय." "फोडणीत हिंग घाई-घाईत पडलाय." मी चिडायचे, रडायचे, एकदा तर माहेरी निघून गेले होते, हिंगावरून! आणि आता काहीही वाढा, "छान झालंय हं." एकदा मुद्दाम गोडा मसाला न घालता आमटी केली. भुरकले आणि म्हणाले, "छान." मी ओट्याकडे तोंड करून उगीचच कढई घासत बसले.

अशात जावयाने घरी बिअर करायचं सामान मागवलं. नळ लावलेली मोठी बादली, नळ्या, आणि मोड आणून वाळवलेले जव. मी पाहिलं आणि म्हटलं, "हे तर आपल्या नाचणीसत्त्वासारखंच की! मोड आणायचे, वाळवायचे, भरडायचे."

"तेच, आई," तो म्हणाला, "फक्त शेवटी बाळाला देत नाहीत."

त्याला ओट्सची बिअर करायची होती. ओट्सने घोट कसा मऊ, साईसारखा लागतो म्हणे. थोडे गहूही होते. तेवढ्यात त्याची मीटिंग आली. जिन्यावरून ओरडला, "आई, तेवढे ओट्स खमंग भाजून ठेवाल?"

भाजून ठेवाल! आता मला कोणी भाजायला शिकवायचं? दोन चमचे साजूक तूप सोडलं, ओट्स घातले, रव्यासारखे परतले. दिलेले ओट्स मला फारच कमी वाटले, एवढ्याने कुणाचं होतंय, म्हणून डब्यातले आणखी दोन वाट्या घातले. एका बाजूने जरा लागले, पण तेवढं चालतं.

मीटिंग संपवून तो खाली आला आणि कागद वाचत म्हणाला, "कोरडेच भाजलेत ना? तेलाचा थेंबही चालत नाही, फेस मरतो."

मी कढईवर झाकण ठेवलं आणि म्हटलं, "तुम्ही बघा हो तुमचं गरम पाणी."

जव, गहू आणि ओट्स त्या पाण्यात तासभर भिजले. उकळू द्यायचं नाही, नुसतं गरम राखायचं. त्यात जवाच्या मोडांमुळे सगळ्या धान्याची साखर होते. मग बादलीचा नळ उघडला तर थेंब पडेना. जादा ओट्सनी आत लापशी करून ठेवली होती. जावयाचा चेहरा पाहवेना. शेवटी ह्यांचा धुतलेला पंचा आणला, चक्का टांगतात तसं ते सगळं त्यात बांधलं आणि दोघांनी मिळून पिळलं. हे सोफ्यावरून पाहत म्हणाले, "माझा पंचा पिणार का आता?" मग तो काढा हॉप्स नावाची कडू फुलं घालून उकळला, निववला आणि यीस्ट टाकून बादली जिन्याखाली ठेवली. दोन दिवस ती बुडबुडत होती. जाता-येता मी तिच्याशी बोलायचेसुद्धा.

बाटल्यांत भरून, आणखी काही आठवडे थांबून, एका रविवारी दुपारी जावयाने पहिली बाटली उघडली. फुस्स झालं. ग्लासात ओतली तर रंग सुरेख, पण फेस? आला तसाच बसला.

"असं कसं झालं?" तो ग्लास उजेडात धरून म्हणाला. मी लेकीला विचारलं, भजी करू का?

ह्यांनी ग्लास उचलला. मला माहीतच होतं, आता 'छान' येणार. एक घोट घेतला. थांबले. ग्लास नाकाशी नेला, पुन्हा नेला. कपाळाला आठी पडली. ती आठी मी किती महिन्यांनी पाहत होते!

"ह्यात तूप कोणी घातलंय?"

जावई माझ्याकडे वळला. "आई? तूप?"

तुपाचं मी घरात कुणालाही सांगितलेलं नव्हतं.

"आणि एका बाजूने करपवलंयस," हे म्हणाले. "शिऱ्याच्या खरवडीसारखं लागतंय. अगं, बिअरमध्ये कोणी तूप घालतं का?"

"बाबा, तुम्हाला वास आला?" लेकीने विचारलं, पण त्यांचं लक्ष नव्हतं. ते परत ग्लास हुंगत होते.

मी पदराने डोळे पुसले आणि खुर्ची ओढून समोर बसले. "अजून काय काय चुकलंय?" मी विचारलं. "सगळं सांगा, मुळीच हातचं राखू नका."

त्यांनी मोठा घोट घेतला, मिशी पुसली आणि सुरुवात केली.