लाइन बंद आहे ना?

वायरमन कुणाच्याही घरी गेले की आधी माणसं बघत नसत, मीटर बघत. मला बघायला आटपाडीकडे आमच्या घरी आले तेव्हाही पोह्यांची बशी हातात धरून ते माझ्या डोक्यावरून मागच्या भिंतीकडे बघत बसले होते. मला वाटलं, माझ्यासारखाच लाजरा माणूस दिसतो. दोन दिवसांनी त्यांचे मामा निरोप घेऊन आले, "पोरगी पसंत हाय. पण तुमच्या घराला अर्थिंग न्हाई, तेवढं लग्नाच्या आधी करून घ्या म्हणालाय." आमच्या भावकीत घड्याळ मागणारे, अंगठी मागणारे जावई झाले होते. अर्थिंग मागणारा हा पहिलाच.

वायरमन म्हणजे माझे यजमान. रहिमतपूरजवळच्या आमच्या गावात लहानथोर त्यांना वायरमनच म्हणत. नवऱ्याचं नाव घ्यायचं म्हटलं की माझी जीभ अडकायची, त्यामुळे माझीही सोय झाली. तीस वर्षं ते खांबांवर चढले. आसपासच्या कितीतरी वस्त्यांवर पहिला दिवा त्यांच्या हातचा लागला. कुठून जाताना एखाद्या घराचा उजेड दिसला की "ही माझी लाइन" म्हणत. शेत दुसऱ्याचं, घर दुसऱ्याचं, बिलही दुसऱ्याचं, पण लाइन यांची.

वायरला हात लावण्याआधी ते तीनदा विचारत, "लाइन बंद हाय न्हवं?" नुसतं 'हो' चालत नसे. बटणावर ज्याचा हात आहे त्यानेच "बंद आहे" असं तीनदा म्हणायचं. त्यांचा एक जोडीदार एकदाच विचारून खांबावर चढला होता आणि उत्तर भलत्याच माणसाने दिलं होतं. यापेक्षा जास्त ते कधी सांगत नसत. घरात बटणापाशी मी उभी असे. माणसांत माझा आवाज फुटत नाही, पण तिथे सुटका नव्हती. "मोठ्यानं बोल. माझा जीव तुझ्या तोंडात हाय," ते वरून ओरडत. आमच्या संसारात यापेक्षा प्रेमाचं बोलणं झालेलं मला तरी आठवत नाही.

आमचा सुहास सांगलीला विश्रामबागेत खोली घेऊन शिकला आणि वीज याच विषयात इंजिनिअर झाला. पुढे पुण्यात मोठी नोकरी लागली. मग एक दिवस त्याने आणि आमच्या सुनेने, रेवाने, नोकऱ्या सोडल्या आणि दोघं उत्तरेकडे कुमाऊंच्या डोंगरात राहायला गेली. जिथे लाइन पोचलेली नाही अशी जागा त्यांनी मुद्दाम हुडकून काढली होती. "आता देशात अशी जागा हुडकायची तरी लय शिकाय लागतं," वायरमन म्हणाले. त्यानंतर वर्षभर ते सुहासशी फोनवर बोलले नाहीत. फोन वाजला की माझ्या हातात देत आणि शेजारी बसून सगळं ऐकत. "आबांना दे," असं सुहास म्हणाला की मला खुणेने सांगत, रेंज न्हाई म्हण.

निवृत्त झाल्यावर मात्र स्वतःच म्हणाले, "बघून येऊ." मी पिशवीत बाजरीचं पीठ आणि शेंगदाण्याची चटणी भरली. निघताना उचलून बघितली तर निम्मं पीठ बाहेर आणि त्या जागी वायरचं भेंडोळं, मीटरचा बोर्ड आणि दोन बल्ब. मी पिशवीचं तोंड बांधलं. पोराच्या घरी रिकाम्या हाताने जाऊ नये, हे मलाही कळतं.

कराडहून दिल्ली, पुढे दुसरी गाडी, मग जीप, मग तासभर चढण. घर दगडमातीचं, दोघांनी स्वतः बांधलेलं. पाणी झऱ्यावरून डोक्यावर आणायचं, स्वयंपाक चुलीवर, संडासात पाण्याऐवजी लाकडाचा भुसा. रेवाने मला सगळं हौसेने समजावून सांगितलं. जमीन सारवायची कशी तेही दाखवलं. त्याचं तिने दोन दिवसांचं शिबिर केलं होतं. त्यांचं राहणं बघायला, फोटो काढायला लांबून माणसं येतात म्हणाली. माझी चौथीपर्यंतची शाळा, असं शिबिर मला कुठून मिळणार? मी मान डोलावत शिकून घेतलं. माझ्या सासूबाई जन्मभर अशाच राहिल्या, फक्त त्यांचे फोटो काढायला कुणी आलं नाही.

वायरमन आत शिरले आणि सवयीने दाराजवळची भिंत चाचपू लागले. हाताला नुसती माती लागली.

"मीटर कुठं हाय?"

"नाही, आबा. छपरावर सोलरची प्लेट आहे. एक दिवा लागतो, फोन चार्ज होतो. पुरतं आम्हाला."

"पुरतं," वायरमन म्हणाले. मग दोन दिवस ते एवढा एकच शब्द बोलत होते. आणखी भाकरी वाढू का? पुरतं. पांघरूण पातळ आहे का? पुरतं.

तिसऱ्या दिवशी "पाय मोकळे करून येतो" म्हणून खाली उतरले ते दुपारी खुशीत परत आले. दुसऱ्या दिवशी सकाळी दोन माणसं मोजायची टेप घेऊन दारात हजर. खालच्या गावातला लाइनमन आणि त्याचा सोबती. वायरमननी तिथल्या कचेरीत जाऊन सुहासच्या नावाने कनेक्शनचा अर्ज भरून दिला होता. पाच खांब लागणार होते आणि वाटेतली काही झाडं जाणार होती. सुहासने दोघांना चहा पाजला आणि हात जोडून परत पाठवलं.

"आबा, मला एकदा विचारायचं तरी."

"तू हितं आलास तवा मला इचारलंवतंस व्हय?"

"तुमच्या लाइनला मी कधी नावं ठेवली? मला नको, एवढंच म्हणालो."

"एकच हाय ते," वायरमन म्हणाले. माझ्याकडे न बघताच पुढे म्हणाले, "बॅग भर. उद्याच्या जीपनं निघायचं." मला कळलं, आता गेलो की हे पुन्हा इथे यायचे नाहीत आणि फोनही कायमचा माझ्याच हातात राहणार.

त्या दिवशी दिवेलागणीला घरातला तो एकुलता एक दिवा गेला. सुहास स्टुलावर चढून खटपट करू लागला. वायरमन भिंतीकडे तोंड करून बसले होते, पण मांडीवर त्यांची बोटं आपोआप नसलेली वायर पिळत होती. मुलगा म्हणेना, बाप उठेना. रेवा एकदा याच्याकडे बघे, एकदा त्यांच्याकडे. दोघं पुरुष बोलत असताना मी कधी मध्ये पडले नव्हते. इथे तर कुणी बोलतच नव्हतं. मी उठले, बॅटरीजवळच्या बटणावर हात ठेवला आणि मोठ्याने म्हणाले, "बंद आहे. बंद आहे. बंद आहे."

वायरमन गर्रकन वळले. मग उठून स्टुलापाशी गेले. "उतर खाली. असा जोड मारत्यात व्हय? चार वर्सं कालिजात काय केलंस?"

सुहास उतरला. हे वर चढले, पक्कड हातात घेतली आणि थांबले. "सुहास, लाइन बंद हाय न्हवं?"

"आबा, बारा व्होल्ट आहे. काही होत नाही."

"मी व्होल्ट इचारलं न्हाईत."

सुहास माझ्याजवळ आला. मी हात काढला, त्याने ठेवला. "बंद आहे, आबा," तो म्हणाला, आणि मग आणखी दोनदा. दिवा लागला. वायरमन खाली उतरून बराच वेळ त्या एवढ्याशा दिव्याकडे बघत राहिले आणि म्हणाले, "पुरतं." या वेळी टोमणा नव्हता. निघताना वायरचं भेंडोळं तिथेच ठेवून आले. त्यानंतर फोन वाजला की मला उचलायला मिळायचा नाही. बोलणं काय, तर प्लेट पुसलीस का, जोडाला टेप लावलीस का.

गेल्या वर्षी वायरमन गेले. चहा पिता पिता गेले, कुणाला काही विचारलं नाही. सुहासला यायला दोन दिवस लागले, तोंड बघायला मिळालं नाही. तेराव्याला घर माणसांनी भरलेलं आणि पडवीतला दिवा उघडझाप करायला लागला. गावात आता नवा वायरमन आहे, तो पुढे झाला. सुहास त्याला थांबवून स्वतः स्टुलावर चढला. हात वर नेला आणि तसाच थांबला.

"आई, लाइन बंद आहे ना?"

मी बटणापाशी गेले. एवढ्या माणसांत माझ्या तोंडून शब्द निघेना. तो थांबून राहिला. पुन्हा त्याच आवाजात विचारलं. शेजारचे एक काका म्हणाले, "आरं, बंद हाय की, किती इचारतोस?" सुहासने त्यांच्याकडे बघितलंसुद्धा नाही.

मग मी म्हणाले. तीनदा म्हणाले. तिसऱ्यांदा आवाज एवढा मोठा निघाला की बाहेर मांडवात बसलेली माणसंही वळून बघायला लागली. बघू देत.