कानस मारलेलं चाक

ती घटना मी आजही विसरलेलो नाही. नोकरीत अनेक गुन्हे उघडकीस आणले, काहींबद्दल सत्कारही झाले. या गुन्ह्याचा तपास आठवला की मात्र मला स्वतःची लाज वाटते.

वर्धा जिल्ह्यात, नागपूर-अमरावती महामार्गावरच्या एका ठाण्याचा मी प्रभारी होतो. सकाळी दहाच्या सुमारास एका कारचं पुढचं चाक निखळलं, घरंगळत थांब्यावर गेलं आणि बसची वाट बघत उभ्या असलेल्या अंगणवाडी सेविकेवर आदळलं. बाई जागीच गेली. लोकांनी चालकाला धरून चोपला. चाळिशीचा माणूस, स्वतःची गाडी भाड्याने चालवणारा.

आम्ही पंचनामा केला, चाक मुद्देमाल म्हणून जप्त केलं. वैद्यकीय तपासणीत दारू निघाली नाही. पण साक्षीदार सांगत होते, गाडी सुसाट होती. मोटार वाहन निरीक्षक रजेवर, त्यांचा अहवाल यायला वेळ होता. इकडे गावकरी ठाण्यासमोर बसलेले. मी मनाशी ठरवून टाकलं, वेग हेच कारण.

"स्पीड किती होता?" मी चालकाला विचारलं.

"साठच्या वर नव्हता जी साहेब. चाक आपोआप निंगालं."

"चाक आपोआप निघत असतं का रे?"

मी हात उगारला नाही. त्याची गरजही पडत नाही. एकच प्रश्न पन्नासदा विचारला की माणूस स्वतःवरच संशय घेऊ लागतो. कोठडीच्या दुसऱ्या दिवशी दुपारी तो मान खाली घालून म्हणाला, "साहेब, तुमी म्हणता त असंन स्पीड. लिवून घ्या. माह्यामुळं बाई गेली, हे त खरंच हाय."

खोटं कशाला सांगू, मला हायसं वाटलं. जबाब लिहून घ्यायला मी रायटरला हाक मारली. त्याच वेळी ढाब्याजवळचा पंक्चरवाला दारात आला. पोलिसांच्या भानगडीत न पडणारा माणूस, म्हणून मी त्याला आत घेतलं.

"साहेब, त्या दिवशी चाक म्याच उचललं होतं," तो म्हणाला. "त्याचे बोल्टाचे भोकं गोल नाईत. अंड्यावानी हायत. गाडी तुमच्या आवारात उभी हाय, दुसरं चाक खोलून पाहा ना."

आम्ही मुद्देमाल खोलीतून चाक काढलं. जप्तीची चिठ्ठी त्याच भोकातून सुतळीने बांधलेली होती. चिठ्ठी मी सही करून बांधून घेतली होती, भोक पाहिलं नव्हतं.

पंक्चरवाल्याने गाडीचं समोरचंच दुसरं चाक उतरवलं. बोटांचे ठसे घ्यायची शाई मी मागवली, चाक ज्यावर बसतं त्या हबच्या चारही बोल्टांच्या टोकांना लावली आणि त्यावर कागद दाबला. चार ठिपके उमटले. कागद मधोमध धरून चाकावर ठेवला, तर चारही ठिपके भोकांच्या मूळ मध्यापासून तीन-चार मिलिमीटर आत. तेवढी जागा कानशीने घासून काढलेली, धातू अजून चकाकत होता. दुसऱ्याच गाडीची चाकं या गाडीला बसवली होती. पंच बोलावून आम्ही हे सगळं नोंदवलं.

चाकं बसवणारा मिस्त्री तालुक्यात नावाजलेला, साठीचा. तो काहीच लपवायला तयार नव्हता.

"होय, म्याच कानस मारली."

"चालकाने सांगितलं होतं?"

"नाई जी. त्यानं चाकं आणले, मले इचारलं, बसतीन का? म्या म्हटलं, बसवतो. माह्या दुकानातून गाडी वापस गेली नाई कधी."

"सुरक्षित कसं बसवायचं, माहीत होतं?"

"मालूम होतं ना साहेब. त्याच गाडीच्या मापाचं चाक पायजे. नाईतर नागपुरातून दोनी मापं जुळवणारी प्लेट मागवा लागते. नट पहिले हातानं फिरवा, मग आमोरासमोरचे कसा, पन्नास किलोमीटरनंतर पुन्हा पाहा."

"मग केलं काऊन नाई?" मीही त्याच्याच बोलीत विचारलं.

"इतकंच म्हणाचं होतं साहेब, का हे माह्याकडून होत नाई. तेवढंच म्हणता आलं नाई. म्या पान्यावर उभं राहून नट कसले. वाटलं, घट्ट हाय म्हंजे पक्कं हाय."

पुढे निरीक्षकांच्या अहवालातही हेच कारण आलं. मिस्त्रीवर गुन्हा नोंदवला, आणि चालकावरचा भरधाव गाडी चालवल्याचा आरोप न्यायालयाला कळवून काढला; तो सुटून घरी गेला. पंक्चरवाला अर्धा तास उशिरा आला असता, तर मीही त्या चालकाला पान्यावर उभं राहून कसून टाकलं असतं. त्यानंतर तपास डायरीत 'कारण अद्याप समजले नाही' असं लिहायला मी कधी कचरलो नाही. वरिष्ठ चिडले तरी.

मृत बाईच्या यजमानांना सांगायला मी स्वतः गेलो. निवृत्त कारकून. दारातच उभे राहून त्यांनी सगळं ऐकून घेतलं.

"म्हंजे त्या डायवरची चूक नव्हती?"

"नव्हती."

"दोन दिवस म्या त्याले शिव्या देल्ल्या साहेब. त्याच्या लेकराबाळाले पण." ते खाली बसले. मग म्हणाले, "त्याले सांगजा, म्या माफी मागतली म्हून."

मी तो निरोप त्याच संध्याकाळी चालकाच्या घरी जाऊन पोचवला. चालक ऐकून रडला. माफी मागायची रांग होती त्यात माझाही नंबर होता, पण अंगावर वर्दी होती. मी फक्त निरोप सांगितला आणि जीपमध्ये बसलो.