आमच्या हायस्कुलातून ‘ले’ हद्दपार झाला तेव्हा

सर्व ग्रामस्थ, पालक, माजी विद्यार्थी आणि चुकून इकडे फिरकलेल्या पाहुण्यांना अत्यंत गांभीर्याने कळवण्यात येते की, आमच्या गावच्या सरकारी हायस्कुलातून एकदा ‘ले’ या अक्षराला हद्दपार करण्यात आलं होतं. कृपया उभं राहण्याची गरज नाही. बसूनच ऐका, कारण हसताना तोल जातो.

नव्वदच्या दशकातली गोष्ट. मी दहावीत होते. आमचं गाव वर्धा जिल्ह्यातल्या आष्टी तालुक्यातलं आणि शाळा दहावीपर्यंतच. अकरावीसाठी आर्वीला जावं लागायचं, तेही तळेगावच्या फाट्यावर उतरून दुसऱ्या एसटीची वाट बघत. पोरं जायची. पोरी दहावी झाल्या की घरी बसायच्या, आणि मग लवकरच त्यांच्या घरासमोर मांडव पडायचा.

माझ्या बाबांचं किराणा दुकान होतं. त्यांना अकरावीबद्दल विचारलं की ते तराजूकडे बघून म्हणायचे, “फाट्यावर पोरगी एकटी उभी राहीन, तं लोकं काय म्हणतीन?”

“अन् गावातच अकरावी निघाली तं?” मी विचारायची.

“पाहू.”

आमच्या घरात ‘पाहू’चा अर्थ सगळ्यांना ठाऊक होता. आईला लग्नापासून रामटेक पाहायचं होतं आणि बाबा लग्नापासून ‘पाहू’ म्हणत होते.

अशात बातमी आली की शाळेला अकरावीचा वर्ग द्यायचा की नाही हे ठरवायला वर्ध्याहून मोठे साहेब येणार. हेडमास्तर हादरले. साहेब फार कडक आहेत आणि अशुद्ध मराठी ऐकली की त्यांना कणकण येते, असं त्यांना कोणीतरी सांगितलं होतं. कोणी सांगितलं ते शेवटपर्यंत कळलं नाही. मग शाळेच्या शुद्धीकरणाचं काम आमच्या मराठीच्या सरांकडे आलं.

हे सर कृष्णाकाठचे, बदलीवर आलेले. माणूस साखरेसारखा गोड, पण आमची भाषा त्यांना नवी. पहिल्याच दिवशी एका मुलानं प्रेमानं विचारलं होतं, “सर, तुम्ही इतक्या दूर काऊन आले?” सरांना वाटलं, काऊन म्हणजे इकडचं काहीतरी वाहन असेल. म्हणाले, “नाही बाळ, मी एसटीनं आलो.”

तर सरांनी आधी ‘काऊन’वर बंदी घातली. ‘का’ म्हणायचं. नाहीतर कान धरून उभं राहायचं. परिणाम असा झाला की वर्गात प्रश्न विचारणंच बंद पडलं. भूमिती असो की भूगोल, सगळा वर्ग गप्प. सरांना वाटलं, पोरांना आता सगळं समजायला लागलं.

मग दुसरा हुकूम निघाला. “बाळांनो, तुम्ही ‘मले, तुले, त्याले’ म्हणता. सोपा नियम सांगतो. तोंडात ‘ले’ आला की त्याचा ‘ला’ करायचा. बस्स!”

नियम खरंच सोपा होता, आणि आम्ही गुणी होतो. आम्ही तो सगळ्या मराठी भाषेला लावून टाकला.

दुसऱ्या दिवशी एक मुलगा उशिरा आला. सरांनी कारण विचारलं. तो मान खाली घालून म्हणाला, “सर, माझे आजोबा वारला.”

“अरे! आजोबांना असं म्हणतात का?”

“सर, काल घरी सगळे रडला.”

सरांना रागवावं की सांत्वन करावं ते कळेना. त्यांनी त्याच्या डोक्यावरून हात फिरवला आणि खडू घेऊन फळ्याकडे तोंड केलं. खांदे मात्र हलत होते. पुढे कवायतीच्या तासाला लेझीमची ‘लाझीम’ झाली. मधल्या सुट्टीत लेखणीची ‘लाखणी’ झाली. कोणी चुकून ‘ले’ म्हटलं की बाकीची पोट्टी ओरडायची, “अशुद्ध बे, अशुद्ध!” ‘आले’, ‘गेले’, ‘म्हणाले’ यांत ‘ले’च बरोबर आहे, हे सर घसा फोडून सांगत होते. पण एवढ्या मेहनतीनं पाठ केलेला नियम सोडायला कोणी तयार नव्हतं.

साहेबांपुढे करायला सरांनी शाळेच्या इतिहासावर एक छोटं नाटक लिहिलं. हा इतिहास गावाला तोंडपाठ होता. पूर्वी शाळा कापसाच्या गोदामात भरायची, आणि पोरं शिकायची कमी अन् शिंकायची जास्त. मग गावच्या मालगुजारानं, म्हणजे जुन्या जमीनदारानं, आपली जागा शाळेला दिली. विद्येच्या प्रेमापोटी दिली, असं नाटकात होतं. मेहुण्याला मिळू नये म्हणून दिली, असं पारावर होतं.

मालगुजाराचं काम एका धिप्पाड मुलाला दिलं होतं. ऐन आदल्या दिवशी त्याला गालफुगी झाली. बाकी मुलांना तोंडातला ‘ला’ आवरेना. सरांनी वर्गभर नजर फिरवली आणि ती माझ्यावर थांबली. मला धोतर-कोट, फेटा आणि मिशी मिळाली. मिशी कापसाची होती. काजळानं काळी केलेली, बाभळीच्या डिंकानं चिकटवलेली, दोन्ही टोकं वर वळवलेली. आरशात पाहिलं आणि मीच मला नमस्कार केला.

घरी मी एवढंच सांगितलं होतं की मी नाटकात आहे. बाबांनी परस्पर ठरवलं की मी सरस्वती होणार, आणि दुकानात येणाऱ्या प्रत्येकाला तसं सांगूनही टाकलं. किराणावाल्याची गोरी पोरगी नाटकात दुसरं काय होणार? त्यांनी दुकानातला उदबत्तीचा चांगला पुडा शाळेत पाठवला, देवीपुढे लावायला.

तो दिवस उजाडला. मंडपात सगळं गाव. मी मंचावर हेडमास्तरांच्या खुर्चीत मालगुजार होऊन बसलेली. सलामीला भालदाराच्या वेशातला माझा वर्गमित्र काठी घेऊन उभा. साहेब फाटकातून आत आले की त्यानं ललकारी द्यायची आणि नाटक सुरू व्हायचं. गाडी थांबली. काळा चष्मा घातलेले उंच साहेब उतरले. भालदारानं काठी आपटली आणि अख्ख्या मंडपाला ऐकू जाईल असा गरजला:

“वर्ध्याहून साहेब आलाऽऽ!”

मंडपात टाचणी पडली असती तर तीही दचकली असती. हेडमास्तर साहेबांच्या पाठीमागून दातओठ खात पुटपुटले, “आले म्हण भैताडा, आले!”

भालदार नम्रपणे, पण मोठ्यानं म्हणाला, “सर, ते अशुद्ध आहे.”

मराठीच्या सरांनी दोन्ही हातांनी तोंड झाकलं. साहेब पहिल्या रांगेत बसले. काळ्या चष्म्यामागे काय चाललंय ते दिसेना. गेली अकरावी. आता मांडव.

तेवढ्यात मागच्या रांगेत बाबा दिसले. ते मंचावर सरस्वती शोधत होते. एका विंगेतून दुसऱ्या विंगेत नजर फिरवत होते, आणि मधल्या मिशीवाल्याकडे त्यांचं लक्षच नव्हतं. नाटक सुरू झालं. गावकरी झालेल्या मुलांनी हात जोडून जागा मागितली. मी उठले, मिशीला पीळ दिला आणि आवाज जाड केला. वाक्य होतं, ‘माझ्या गावातली लेकरं शिकली पाहिजेत.’ पण डोक्यात भालदाराचा ‘आला’ घुमत होता, आणि ‘लेकरं’ पुढे दिसताच नियमानं माझी जीभ धरली.

“माझ्या गावातली लाकरं शिकली पाहिजेत!”

मागून एक म्हातारा ओरडला, “काय शिकली पाह्यजे?”

शेजारी म्हणाला, “लाकडं.”

“लाकडं? अबे, मालगुजार शाळा काढून राह्यला का वखार?”

सगळा मंडप फुटला. आणि त्या गदारोळात माझा स्वतःचाच आवाज फुटला, बारीक, मुलीचा: “नाई, नाई, लेकरं!” बाबा ताडकन उभे राहिले. आवाज ओळखला होता. मिशी अजून ओळखीची व्हायची होती.

साहेबांनी चष्मा काढला. डोळे पुसत होते. हसून हसून त्यांना ठसका लागला होता. शेजारी बसलेल्या सरपंचांनी त्यांच्या पाठीवर थापा मारल्या आणि हेडमास्तर पाण्यासाठी धावले.

घोटभर पाणी पिऊन साहेब माईकपाशी आले. म्हणाले, “शाळा जिवंत आहे, खोल्या आहेत, शिक्षक आहेत. वर्ग द्यायला माझी हरकत नाही. पण त्यात बसणार कोण? मुली दहावीनंतर घरीच राहणार असतील तर वर्ग कोणासाठी देऊ? ज्यांना मुलीला अकरावीत पाठवायचं आहे त्यांनी आत्ता, इथे, सगळ्यांसमोर सांगा.”

बाप बापांकडे बघायला लागले. कोणी टोपी सारखी केली, कोणी चपलेत पाय घातला. पहिलं कोण बोलणार? पहिला बोलेल त्याच्याबद्दल पारावर बोललं जाणार.

बाबा अजून उभेच होते. बसायचं विसरले होते. सगळ्यांना वाटलं, हेच बोलणार. माना मागे वळल्या. बाबा गोंधळले. “मी तं… पाहू…” असं काहीसं त्यांच्या ओठांवर आलं. शेजारचा तेली त्यांना कोपरखळी मारत म्हणाला, “काय शेठ, सरस्वतीले मिशा कधी फुटल्या?”

पुन्हा हशा. बाबांचा चेहरा आधी पडला, मग लाल झाला. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी धोतराचा सोगा धरून उभी, घामानं काजळ ओठांवर उतरलेलं, मिशीचं एक टोक खाली लोंबलेलं. एकदा त्यांनी हसणाऱ्या गावाकडे पाहिलं. आणि ज्या माणसानं आयुष्यात ‘पाहू’च्या पलीकडे पाऊल टाकलं नव्हतं, तो भर मंडपात ओरडला:

“लिहा साहेब, माह्या पोरीचं नाव पयले लिहा! गावापुढं मिशी लावून झाली तिची, आता लोकं काय म्हणतीन त्याचं काई बाकीच नाई राह्यलं!”