सालदाराच्या लेकीची आखाजी

आमच्या शिरपूरकडे सालदाराचं वर्ष आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, संपतं. सालदार म्हणजे वर्षभरासाठी बायकापोरांसकट शेतावर ठेवलेला गडी. त्या दिवशी तो एक तर आहे तिथेच राहायचं ठरवतो, नाही तर भांडीकुंडी उचलून दुसऱ्या मालकाकडे जातो. आणि नेमक्या त्याच दिवशी अख्ख्या खानदेशातल्या लेकी माहेरी येतात, झोके बांधतात, गौराईची गाणी म्हणतात. या दोन्ही गोष्टी एकाच दिवशी कुणी घातल्या, देव जाणे. माझं सगळं आयुष्य शेतकऱ्याच्या घरात गेलं, पण नव्वदच्या आसपासच्या त्या वर्षापर्यंत मला त्यात काही वावगं दिसलं नव्हतं.

आमचे हे धुळ्याला नोकरीला होते, शनिवारी यायचे. त्यामुळे केळी, कापूस, विहीर आणि माणसं सगळं माझ्या गळ्यात. सालदाराचं बिऱ्हाड गावातल्या आमच्या गोठ्याच्या पडवीत होतं. मधे नुसतं गोणपाट. पलीकडे बैल, अलीकडे चूल. त्याची बाई कधी तक्रार करायची नाही. त्या हिवाळ्यात त्यांनी एकुलत्या एक लेकीचं लग्न केलं, आणि एक दिवस बाई माझ्यासमोर येऊन उभी राहिली. "अक्का, पोरनी पहिली आखाजी शे. मांगून जवाई येई. त्याले गोठामा कसा बसाडू?"

खरंच होतं तिचं. मी म्हटलं, विहिरीजवळ एक खोली बांधून देते. गावठाणात तर उभं राहायला जागा नव्हती.

बाई गं, पण शेतात खोली बांधणं म्हणजे काय असतं! विहिरीवरच्या पाण्याच्या मोटारीची खोली बांधा, बैलांचा गोठा बांधा, कुणी विचारत नाही. माणूस राहणार म्हणा, की लागले चकरा. शेतमजुराच्या निवाऱ्याची सोय नियमात आहे, असं तलाठी स्वतःच म्हणाला. पण मंजुरी तहसिलातून आणा. तहसिलात म्हणाले, प्रांतसाहेबांकडून आणा. प्रांताच्या कचेरीत म्हणाले, आधी धुळ्याहून नगररचनेचा अभिप्राय येऊ द्या. माझं रान, आणि नगर कुठून आलं मधे? तसं मी विचारलंही. कारकून म्हणाला, "अक्का, तुम्ही रागावू नका, नियम मी नाही केला." तेही खरंच. रागवायला समोर कुणी तरी लागतं, आणि तिथे जो तो दुसऱ्याकडे बोट दाखवत होता. एसटीने शिरपूरला जा, बाकावर बस, परत ये. चपलेचा अंगठा तुटला, माझा जीव विटला.

आखाजी जवळ यायला लागली. शेजारच्या मळ्यातले आबा म्हणाले, "मोटारीनी खोली म्हणीसन बांधी टाक ना. बठ्ठाच तसं करतस." सगळेच करतात म्हटल्यावर मीही बांधली. विटांची भिंत, वर पत्रा, कडी लागेल असं दार. बाईने जमीन सारवली, उंबऱ्यावर हळदीकुंकू वाहिलं आणि पहिल्याच दिवशी चूल मांडली. दार लावून बघायची आणि उघडायची, पुन्हा लावायची. मला हसू आलं. इतकी खुश मी तिला कधी पाहिली नव्हती.

आणि माझा जुना अर्ज तेव्हाच कुठे तरी हलला असावा. जागा पाहायला तहसिलातले सर्कल साहेब आले. मी त्यांना बांधावर उभं करून सांगितलं, ही मोटारीची खोली. मंजुरी आली की घर पलीकडे बांधू. ते मान डोलावत परत फिरलेही होते. एवढ्यात बाई डोक्यावर पदर घेऊन बाहेर आली, हातात कपबशी. "साहेब, घर उनात, आन् चहा न पेताच चालनात?"

साहेबांनी चहा घेतला. घेता घेता आत डोकावले. चूल, देवाचा कोनाडा, दोरीवर लुगडं. मग माझ्याकडे वळून हसत म्हणाले, "अक्का, तुमची मोटार चहा फक्कड करते हो." माणूस वाईट नव्हता. पण नोटीस आलीच: मंजुरीशिवाय खोलीत राहता येणार नाही. मंजुरी पुढच्या वर्षी आली, तोवर तिथे खताच्या गोण्या लागल्या होत्या.

मी बाईवर तडकले. "काय गरज होती गं तुला?" ती भांबावली. "घर उनेल माणूसले चहा नई पाजवा का, अक्का?" आमच्या घरी आलेला माणूस तोंड न ओलवता गेला, तर मलाच चैन पडत नाही.

गोठ्यात परत जायला ती तयार नव्हती. आखाजीच्या तोंडावर सालदाराने नरडाण्याकडचा एक मालक धरला. तो गावात खोली देतो म्हणाला होता. आखाजीच्या सकाळी बैलगाडीत सामान भरून ती निघाली. लेकीच्या सासरी कुणाबरोबर तरी निरोप धाडला होता म्हणे.

निरोप पोचला नाही. दुपारी मी माझ्या मुलीसाठी झोका बांधत होते, तर बाईची पोर दारात. उन्हाने लाल झालेली, हातात पिशवी, अंगावर लग्नातलं पातळ. आधी विहिरीजवळच्या खोलीवर जाऊन आली होती. "अक्का, मन्ही माय कोठे शे?"

मी तिला पाणी दिलं, सगळं सांगितलं. म्हटलं, पोरी, आज इथेच राहा, हेही माहेरच समज. ती माझ्या मुलीच्या झोक्याकडे बघत राहिली. "नको अक्का. मायकडेच जास."

नरडाण्याच्या संध्याकाळच्या गाडीत मी तिला बसवून दिलं. गाडी सुटता सुटता तिने खिडकीतून विचारलं, "तठे घर शे ना?"

"शे, शे," मी म्हटलं. त्या मालकाने खोली खरंच दिली की नाही, मला काय ठाऊक होतं!