पंधरावं गिऱ्हाईक

बाजारात त्यांना सगळे पत्रेवाले म्हणत. पत्र्याचा धंदा त्यांनी जन्मात केला नव्हता. एका परदेशी कंपनीच्या शोरूममध्ये ते बावीस वर्षं मोटारी विकत होते, गोल बिल्ल्याच्या. रस्त्यापलीकडे दुसऱ्या परदेशी कंपनीची, चौकोनी बिल्ल्याची शोरूम होती आणि तिच्या गाड्यांना ते "पत्रा" याखेरीज दुसऱ्या नावाने ओळखत नसत. गिऱ्हाइकाचा हात धरून पलीकडे नेत, दाराशी उभ्या असलेल्या गाडीच्या बॉनेटवर टिचकी मारत आणि म्हणत, "ऐका. वाजला ना डबा?" गिऱ्हाईक हसत परत येई आणि सही करी.

खरं तर या दोन्ही कंपन्यांना इथे कुत्रं विचारत नव्हतं. रस्त्यावरच्या शंभर गाड्यांत दोघींच्या मिळून जेमतेम तीन. बाकीचा बाजार भलत्यांनीच कधीचा खाल्ला होता आणि या दोघी उरल्यासुरल्यासाठी एकमेकींच्या झिंज्या उपटत होत्या.

मग तिकडे परदेशात दोन्ही कंपन्या एक झाल्या. दोन लंगड्यांनी एकमेकांच्या खांद्यावर हात टाकला की शर्यत मारता येते, असं त्यांच्या साहेबांना वाटलं असावं. इकडे एकच शोरूम ठेवायची ठरली आणि ठेवली ती पलीकडची. गोल बिल्ला बंद. पत्रेवाले आपला चहाचा मग, चष्म्याचं घर आणि जुन्या गिऱ्हाइकांची वही घेऊन रस्ता ओलांडून गेले.

तिथल्या मॅनेजरबाईंनी त्यांना बसासुद्धा म्हटलं नाही. "तुमची जुनी गिऱ्हाइकं तीनशे चाळीस. तीन महिन्यांत त्यातली पंधरा आमच्या गाडीवर आणा. पंधरा झाली तर नोकरी राहील, चौदा झाली तर नाही. आणि हो, इथे 'पत्रा' म्हणायचं नाही."

पत्रेवाल्यांचं वय चोपन्न. या वयात दुसरी नोकरी मिळत नाही हे त्यांना पुरतं ठाऊक होतं, कारण नोकरी मागायला आलेल्या चोपन्न वर्षांच्या कितीतरी माणसांना त्यांनीच चहा पाजून वाटेला लावलं होतं. ते फोनला चिकटले. आणि बावीस वर्षांचं बोलणं त्यांच्या अंगावर उलटायला लागलं. दातांच्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "अहो, त्या गाडीत बसण्यापेक्षा बादलीत बसा, हे तुमचेच शब्द ना?" एका निवृत्त हेडमास्तरांनी टेबलावर टिचकी मारून ऐकवली आणि फोन ठेवून दिला. पत्रेवाले लाज कोळून प्यायले. "तेव्हाची गाडी वेगळी होती, साहेब," हे वाक्य घोकत घोकत त्यांनी चौदा जणांना गळाला लावलं.

सहा दिवस उरले होते. सुट्या भागांच्या गोदामातला स्टोअरकीपर त्यांना बाजूला घेऊन म्हणाला, "आता कुणाच्या गळ्यात गाडी मारू नका हो. परदेशातून माल यायचा थांबलाय. कंपनी इथून गाशा गुंडाळतेय. वर्षभराने पार्ट शोधायला गेलात तर रुपयाचाही मिळायचा नाही."

पत्रेवाले तडक मॅनेजरबाईंकडे गेले. बाईंनी नाकारलं नाही. "शोरूम बंद होणार. पण मालकांचं ट्रॅक्टरचं दुकान आहे. ज्यांची पंधरा पुरी होतील त्यांना तिकडे घेतील. गिऱ्हाइकांना यातलं अक्षर कळता कामा नये."

पंधरावं गिऱ्हाईक वहीत शोधायची गरजच नव्हती. ते त्यांचे थोरले भाऊ होते. दादा भाड्याने गाडी चालवत, घर त्या चार चाकांवर चालत होतं. नऊ वर्षांपूर्वी धाकट्यानेच विकलेली गाडी आता पार खिळखिळी झाली होती आणि "तू सांगशील ती घेतो" असं दादा वर्षभर म्हणत होते.

दादांनी एकच प्रश्न विचारला. "पुढे पार्ट मिळतील ना रे? चार दिवस गाडी उभी राहिली तर आमची चूल बंद."

"मिळतील की. मी बसलोय ना तिथे!"

"मग झालं," दादा म्हणाले आणि कागद न वाचता सही करून मोकळे झाले. सख्खा भाऊ समोर बसलेला असताना वाचायचं काय?

शोरूम बंद झाली. पत्रेवाले ट्रॅक्टरच्या दुकानात रुजू झाले, स्टोअरकीपरलाही तिथेच घेतलं. आठ महिन्यांनी दादांच्या गाडीचा गिअरबॉक्स गेला. तळहाताएवढा एक भाग हवा होता. दादांनी महिनाभर गाव न् गाव पालथं घातलं, मिळाला नाही. शेवटी ते दुकानात आले.

"तुला तरी कुठे ठाऊक होतं," दादाच म्हणाले. "तुझी वहिनी रोज तुझ्या नावाने बोटं मोडते. मी तिला म्हटलं, ठाऊक असतं तर त्याने मला घेऊ दिली असती का?"

"हो ना," पत्रेवाले म्हणाले.

"इथे ट्रॅक्टर पोचवायला ड्रायव्हर हवाय म्हणे. माझ्यासाठी शब्द टाकशील?"

काचेपलीकडे स्टोअरकीपर बसला होता. माणूस तोंडाचा फटकळ. दादा इथे लागले की दोन दिवसांत, चहा पिता पिता, सगळं बाहेर पडणार. पत्रेवाले "बघतो" म्हणाले.

संध्याकाळी मालकांनी आपणहून विचारलं, "सकाळी आले होते ते भाऊ ना तुमचे? चालवतात कसे?"

"एके काळी फार छान चालवायचा," पत्रेवाले म्हणाले. "आता डोळ्यांनी कमी दिसतं हो त्याला. कुणाला सांगत नाही बिचारा."

दादा अजून बिनचष्म्याचे सुईत दोरा ओवत. पण मालकांनी हे एका वाहतूकदाराला सांगितलं, त्याने दुसऱ्याला, आणि महिनाभरात दादांना कुणी स्टिअरिंगला हात लावू देईना. पोटासाठी भावाला फसवलं, इथवर एखाद्याला पत्रेवाल्यांची दया तरी आली असती. ते लपवायला त्यांनी भावाच्याच पोटावर पाय आणला. याला माफी नाही.

एका रविवारी दादा घरी आले. वाळले होते. पाणी प्यायले आणि पेला खाली ठेवला.

"बाहेर कुणीतरी उठवलंय, मला दिसत नाही म्हणून. डॉक्टरांचा कागद दाखवला तरी लोक हसतात. माझ्या वाईटावर कोण असेल रे?"

"धंद्यातलाच असेल कुणीतरी," पत्रेवाले म्हणाले.

"तूच शोधून काढ. तुझ्याशिवाय मला कुणाचा भरवसा नाही."

पत्रेवाल्यांनी शोधतो म्हणून सांगितलं.